शिकाऊ वैमानिकाला काय सांगावे?



सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारी मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने खानदेशातून आलेली आहेत आणि त्याच खानदेशात आज मुलांना विमान चालवायला शिकवले जाते. १९२८ साली मुंबईत जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण अलीकडच्या काळात धुळ्याच्या धावपट्टीवर होऊ लागले. शिरपूरला उड्डाणाची शाळा निघाली. बारामतीला आहे, गोंदियाजवळ बिरसीला आहे आणि इकडे गुजरातेत अहमदाबाद, मेहसाण्याला आहे. ज्या घरांतली पहिली पिढी लूमवर उभी राहिली, त्या घरांतली नातवंडे आता कमर्शियल पायलट लायसन्सची चौकशी करू लागली आहेत. म्हणून हा विषय निवडला. शिकाऊ वैमानिकाला विमानाविषयी काय सांगावे, कोणत्या क्रमाने सांगावे आणि कोणत्या भाषेत सांगावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे पुढे ते तपासून घेणे तुम्हाला सोपे जाईल. शिकाऊ वैमानिकाला सर्वांत आधी असे स्पष्टीकरण मिळाले पाहिजे की जे साधे आहे, खरे आहे आणि अडचणीच्या क्षणी हाताला योग्य दिशा देते. सूत्रे, आलेख आणि व्याख्या त्यानंतर याव्यात. आपल्याकडे हा क्रम उलटा झालेला आहे आणि त्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते.

सध्याची पद्धत काय आहे ते थोडक्यात पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांप्रमाणे कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याबरोबर नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल अशा विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. उत्तरे पर्यायांतून निवडायची आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण मिळवायचे. बहुतेक मुले या परीक्षांची तयारी प्रश्नसंचांवर करतात. पंखाला मिळणारी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, कशी काढायची, हे त्यांना पाठ असते: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि लिफ्ट कोएफिशियंट यांच्या गुणाकाराचे निम्मे. वेग दुप्पट झाला तर लिफ्ट किती होईल, असे विचारले की चौपट हे उत्तर क्षणात येते आणि ते बरोबर असते. आता प्रश्न असा घालून पाहा. विमान धावपट्टीकडे वळते आहे, वळण थोडे उशिरा घेतल्यामुळे ते घट्ट करावे लागते आहे, जमीन पाचशे फुटांवर आहे, नाक वर ओढलेले आहे आणि अचानक विमान थरथरू लागले. स्टिक, म्हणजे हातातला नियंत्रणाचा दांडा, कुठे न्यायची? पुढे न्यायची, हे उत्तर प्रश्नसंचातही आहे. पण खाली जमीन वर येताना दिसत असते तेव्हा माणसाचे सगळे शरीर सांगते की मागे ओढ. शरीराच्या या ओढीला उत्तर देण्याची ताकद सूत्रात नसते. ती असते आपण काय करतो आहोत हे आतून कळण्यात. हे कळणे कसे घडवायचे, यावर गेल्या शंभर वर्षांत बराच विचार झालेला आहे आणि तो आपल्या शाळांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही.

विमान आधी उडाले आणि पंखाचा पक्का सिद्धांत नंतर आला, हे विसरून चालत नाही. राइट बंधूंनी १८९९ मध्ये पाच फूट रुंदीचा दुपंखी पतंग उडवून पंखाला पीळ देण्याची कल्पना तपासली. १९०१ च्या अखेरीस लहानशा वाऱ्याच्या बोगद्यात त्यांनी पंखांचे शेकडो नमुने मोजले आणि १९०३ च्या डिसेंबरात ते उडाले. पंखाभोवतीच्या प्रवाहाचे गणित जर्मनीत कुट्टाने १९०२ मध्ये आणि रशियात झुकोव्हस्कीने १९०६ मध्ये मांडले; मर्यादित लांबीच्या पंखाचा प्रांट्लचा सिद्धांत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. राइट बंधू अडाणी कारागीर होते, असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्यांचे मोजमाप त्या काळातले सर्वांत काटेकोर होते. पण ते मोजत होते ती गोष्ट साधी होती: पंख वाऱ्याला किती कोनात धरला की तो किती उचलतो आणि किती अडवतो. उडण्यासाठी जे कळावे लागते त्याचा गाभा त्या एका संबंधात होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हातांनी मिळवला होता.

पुढे महायुद्धात हजारो तरुणांना घाईघाईने वैमानिक करावे लागले, तेव्हा शिकवण्याचा प्रश्न उघडा पडला. विमान गोल गोल फिरत खाली कोसळू लागणे, ज्याला स्पिन म्हणतात, ते त्या काळी मृत्यूचे दुसरे नाव होते. १९१२ च्या ऑगस्टमध्ये विल्फ्रेड पार्क हा इंग्रज वैमानिक त्यातून वाचला. अगदी शेवटच्या क्षणी त्याने फिरण्याच्या उलट दिशेला रडर, म्हणजे शेपटीवरचे पायाने चालवायचे सुकाणू, दाबला होता. तरीही कित्येक वर्षे प्रशिक्षक शिष्यांना एवढेच सांगत की त्या वाटेला जाऊ नका. रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला ही रीत मोडली. शिष्याला पहिल्यापासून वैमानिकाच्या जागेवर बसवायचे, दोघांच्या हाती जोडनियंत्रणे द्यायची, बोलण्यासाठी मध्ये नळी ठेवायची आणि उंचीवर जाऊन मुद्दाम विमान स्पिनमध्ये घालायचे. ते का झाले हे साध्या शब्दांत सांगायचे आणि बाहेर काढणे शिष्याकडूनच करवून घ्यायचे. त्याच्या पद्धतीचा गाभा असा की धोका टाळायला शिकवण्यापेक्षा धोक्याचे कारण शिकवा. हीच पद्धत पुढे जगभरच्या उड्डाण-प्रशिक्षणाचा पाया झाली. त्या युद्धात विमानातून लढलेल्या मोजक्या हिंदी तरुणांत मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर होता. जून १९१८ मध्ये तो कामी आला. आपल्या भाषेच्या माणसाचा या विद्येशी संबंध इतका जुना आहे. मग इथली क्लबची पिढी आली. जे. आर. डी. टाटा यांना १९२९ च्या फेब्रुवारीत लायसन्स मिळाले आणि १९३२ च्या ऑक्टोबरात ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. ज्या टाटा घराण्याचे मूळ गाव इथून जवळच्या नवसारीत आहे, त्याच घराण्यातला हा माणूस. विमानात रेडिओ नव्हता. जे कळत होते ते डोळ्यांना, कानांना आणि हातांना.

मात्र ज्या माणसाने साध्या स्पष्टीकरणाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली, तो वोल्फगांग लँगविशे. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत जाऊन वैमानिक झालेला हा लेखक दुसऱ्या महायुद्धात चाचणी वैमानिक म्हणूनही काम करत होता. १९४४ साली त्याचे ‘स्टिक अँड रडर’ हे पुस्तक निघाले आणि ते आजही छापले जाते, वाचले जाते. त्याची भूमिका सरळ होती. वैमानिकांना जो सिद्धांत शिकवला जातो तो विमान बांधणाऱ्याच्या कामाचा आहे; चालवणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचे ज्ञान लागते. पंख हवेला खाली ढकलतो म्हणून विमान वर राहते. किती ढकलायचे हे वेगावर आणि पंख समोरून येणाऱ्या हवेला किती कोनात भेटतो यावर ठरते. या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. वैमानिकाने स्टिक मागे-पुढे केली की मुख्यतः हा कोन बदलतो. साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे हा कोन गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते आणि पंख उचलण्याचे काम टाकतो. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, आणि विशिष्ट वेगाशीही नाही. कोणत्याही वेगाला, नाक कुठेही असताना पंख स्टॉल होऊ शकतो, आणि त्यावरचा उपाय प्रत्येक वेळी कोन कमी करणे हाच असतो. चार-सहा वाक्यांत मावेल एवढे हे ज्ञान आहे, आणि त्यातून शिकाऊ वैमानिक अशी उत्तरे काढू शकतो जी त्याला कोणी सांगितलेली नाहीत. वळणात विमान का लवकर स्टॉल होते? कारण वळताना पंखाला विमानाचे वजन उचलून शिवाय ते वळवायचेही असते, म्हणून कोन वाढवावा लागतो. साठ अंशांच्या कलाने उंची राखून वळलात तर पंखावर दुप्पट भार येतो, आणि सरळ उडताना जे विमान पन्नास नॉटला स्टॉल होते ते आता सत्तर नॉटला होते. वर्गमूळाचे सूत्र नंतर शिकता येते. घट्ट वळणात पंख आधीच दमलेला असतो, हे मात्र पहिल्या आठवड्यात कळायला हवे. लँगविशेचे सगळेच खरे ठरले असे नाही. रडर नसलेली विमाने सर्वत्र येतील असे त्याला वाटत होते. तसे घडले नाही. पण कोनाविषयीचे त्याचे विवेचन ऐंशी वर्षांत कोणाला खोडता आलेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. साधे सांगायला गेले की खोटे सांगितले जाते, असे शास्त्राचे जाणकार म्हणतात. लिफ्टविषयी सर्वांत जास्त पसरलेले स्पष्टीकरण पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे वाटते. पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो. मागच्या कडेला खालच्या हवेला वेळेवर भेटायचे म्हणून ती वेगाने धावते. वेग वाढला की बर्नूलीच्या नियमाप्रमाणे दाब कमी होतो आणि पंख वर खेचला जातो. हे स्पष्टीकरण अनेक देशांच्या पाठ्यपुस्तकांत आणि वैमानिकांच्या वर्गांत वर्षानुवर्षे चालत आले आहे. ते चुकीचे आहे. वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी पोहोचावे असा कोणताही नियम निसर्गात नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधी पोहोचते. दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर असलेला पंखही उडतो, आणि हवाई कसरतींची विमाने उलटी होऊनही उडतात. बर्नूलीचा नियम खरा आहे. त्याच्यामागे जोडलेली शर्यतीची गोष्ट खोटी आहे. आता नीट बघा, यात साधे काय आहे? हे स्पष्टीकरण शास्त्रीय नावाच्या आधाराने उभे आहे, आणि म्हणूनच ते इतके टिकले. त्यातून वैमानिकाच्या हाताला काहीच कळत नाही. पंखाचा फुगीरपणा तो बदलू शकत नाही. तो बदलू शकतो तो कोन, आणि कोनाचा तर या गोष्टीत उल्लेखही नाही. सुरतेच्या माणसाला यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. उत्तरायणाला गच्चीवर उडणारा पतंग म्हणजे सपाट कागद. त्याला वरची फुगीर बाजू नसते. तो उभा राहतो तो किन्ना, म्हणजे पतंगाला मांजा जोडणारे दोरे, बांधताना वरच्या आणि खालच्या गाठीत जे अंतर राखले जाते त्यामुळे, कारण त्या दोऱ्यांनी पतंग वाऱ्याला किती कोनात सामोरा जाईल हे ठरते. गाठ बोटभर सरकली की तोच पतंग उठत नाही, नाहीतर ताण घेऊन फाटतो. दहा वर्षांच्या मुलाला हे हाताने कळते. त्याच मुलाला आठ-दहा वर्षांनी उड्डाण-शाळेत हवेच्या शर्यतीची गोष्ट सांगून हे ज्ञान पुसून टाकले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तेव्हा साधे आणि खोटे यांत फरक कसा करायचा, याची कसोटी मी अशी मानतो: न पाहिलेल्या परिस्थितीत काय होईल हे त्या स्पष्टीकरणावरून शिष्याला आधी सांगता येते का? कोनाचे स्पष्टीकरण या कसोटीला उतरते. हवेच्या शर्यतीचे उतरत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे दोन आसनी सेस्नासारख्या लहान विमानापुरते ठीक आहे. प्रवासी जेट विमाने संगणकांनी भरलेली असतात, तिथे खोल सिद्धांत लागतो. याचे उत्तर अपघातांच्या अहवालांत आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान उतरण्याच्या तयारीत असताना त्याचा वेग घटत गेला. स्टॉल जवळ आल्याची सूचना म्हणून वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरला. कॅप्टनने तो मागे ओढला. विमानातल्या यंत्रणेने दांडा पुढे ढकलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने त्याविरुद्ध ओढले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. दोघांही वैमानिकांचे उड्डाण १५०० तासांपेक्षा जास्त झालेले होते. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचे फ्लाइट ४४७ रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकवर होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ अडकला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाने दांडा मागे ओढला. विमान ३८,००० फुटांपर्यंत चढले, स्टॉल झाले आणि समुद्रापर्यंत कोसळताना बराच काळ दांडा मागेच होता. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्याला लागेपर्यंत साडेचार मिनिटांहूनही कमी वेळ गेला. २२८ माणसे गेली. स्टॉलची सूचना कितीदा तरी वाजली, पण विमान स्टॉल झाले आहे असे तिघांपैकी कोणीही ओळखून म्हटले नाही. या अपघाताच्या एका तपशिलापाशी थांबायला हवे. पाण्याला लागताना विमानाचे नाक क्षितिजाच्या सुमारे सोळा अंश वर होते. नाक आकाशाकडे आणि विमान प्रत्यक्षात जात होते तिरके खाली. या दोहोंतला फरक म्हणजेच पंखाचा कोन, आणि कोसळताना तो बराच काळ चाळीस अंशांच्या आसपास होता. लँगविशे १९४४ मध्ये वैमानिकाला हेच बघायला सांगत होता: नाक कुठे रोखले आहे ते पाहा, विमान खरोखर कुठे चालले आहे ते पाहा, आणि दोहोंत किती अंतर पडले आहे ते मनात धरा.

एअर फ्रान्सच्या वैमानिकांवर सगळा दोष टाकावा, असे मी म्हणणार नाही, आणि सिद्धांत शिकल्यामुळे ते चुकले असा निष्कर्ष काढणे तर साफ अप्रामाणिकपणाचे होईल. त्या विमानात पंखाचा कोन दाखवणारे यंत्र वैमानिकांपुढे नव्हते. वेग फारच घसरल्यावर संगणक आकडे अग्राह्य मानून स्टॉलची सूचना बंद करत होता. मग नाक थोडे खाली आले की सूचना पुन्हा सुरू होत होती. म्हणजे योग्य कृती केली की यंत्र ओरडे आणि चुकीची केली की गप्प बसे. अशा गोंधळात माणसाजवळ काय उरते? पाठ केलेल्या शेकडो उत्तरांतून एक निवडण्याइतका अवकाश तिथे नसतो. उरते ते एखादेच चित्र, खूप आधी मनात रुजलेले. ते चित्र बरोबर असेल तरच हात बरोबर चालतो. या दोन अपघातांनंतर जे घडले ते माझ्या मते या वादातला सर्वांत मोठा पुरावा आहे. त्याआधी प्रवासी विमानांच्या वैमानिकांना स्टॉलच्या सरावात उंची कमीत कमी गमवायला शिकवले जात असे. इंजिनांना पूर्ण शक्ती द्यायची आणि नाक फारसे खाली येऊ द्यायचे नाही, असा त्या सरावाचा कल होता. २०१२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नवे मार्गदर्शन काढले आणि क्रम बदलला: सर्वांत आधी पंखाचा कोन कमी करा, उंचीचे नंतर पाहू. सगळे संगणक, सगळी सिम्युलेटरे हाताशी असलेली व्यवस्था शेवटी त्या एका साध्या वाक्याकडे परत आली. कोणाच्या मनात १२ जून २०२५ चा अहमदाबादचा विमान अपघात येईल. त्याविषयी मी इथे काही बोलणार नाही. तो अपघात माझ्या युक्तिवादाला जोडण्याचा आधार माझ्याजवळ नाही, आणि आधाराशिवाय कोणाच्या दुःखाचा दाखला देऊ नये.

आता तिसरा आक्षेप. माझ्या मते तो सर्वांत अवघड आहे. साधे नियम माणसाला आंधळे करतात, आणि अर्धवट समजलेला नियम अज्ञानापेक्षा घातक ठरतो. याचा दाखला आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे फ्लाइट ५८७ पुढे गेलेल्या मोठ्या विमानाच्या मागच्या भोवऱ्यांत सापडले. सहवैमानिकाने रडर एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असा पुन्हापुन्हा जोराने दाबला आणि शेपटीचा उभा भाग तुटून पडला. २६५ जण गेले. तपासात असे आढळले की रडरचा असा वापर अनावश्यक आणि अतिरेकी होता. रडरच्या रचनेचा आणि कंपनीच्या प्रशिक्षण-कार्यक्रमातल्या काही भागांचाही त्यात वाटा होता. शिवाय एक समज वैमानिकांत फार पसरलेला होता, की ठराविक वेगाच्या खाली नियंत्रणे कितीही आणि कशीही हलवली तरी विमानाची रचना ती सोसते. हा समज साधा होता, सोपा होता, आणि चूक होता. मग माझा युक्तिवाद इथे कोसळतो का? मला तसे वाटत नाही, पण त्याला एक अट जोडावी लागते. तो समज म्हणजे नुसता आकडा होता, कारण गाळून उरलेला. शेपटीचा उभा भाग हाही एक पंखच आहे, एका बाजूने भार येत असतानाच रडर उलट फिरवला तर दोन्ही भार एकत्र येऊन तो भाग मोडू शकतो, हे स्पष्टीकरणही तितकेच साधे आहे. आणि ते त्यांना कोणी दिलेले नव्हते. म्हणून मी साधे स्पष्टीकरण म्हणतो तेव्हा त्यात ‘का’ असलाच पाहिजे. कारण नसलेला सोपा नियम हा प्रश्नसंचाचाच भाऊ आहे. शिवाय साध्या स्पष्टीकरणाच्या पाठीशी सिद्धांत लागतो, हेही मान्य केले पाहिजे. १९१७ मध्ये लिंडेमान या भौतिकशास्त्रज्ञाने स्पिनचे गणित मांडले, स्वतः विमान शिकला आणि स्पिनमध्ये जाऊन यंत्रांचे आकडे घेऊन आला. अशा लोकांच्या कामामुळेच पुढच्या प्रशिक्षकांना चार वाक्यांत ते सांगता आले. प्रशिक्षकाला सिद्धांत भरपूर यायला हवा. शिष्याला त्यातले काय, किती आणि केव्हा द्यायचे, हे त्याने ठरवायचे आहे. साधे बोलण्यासाठी जास्त अभ्यास लागतो, आणि माझ्या मते आपल्या शाळांत नेमकी तीच मेहनत कमी पडते, कारण प्रशिक्षकालाही परीक्षेच्या निकालावरच मोजले जाते.

शेवटचा मुद्दा भाषेचा. हवेत इंग्रजीच बोलावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वैमानिकाला इंग्रजीची किमान चौथी पातळी सिद्ध करावी लागते, आणि ते योग्यच आहे. टॉवरशी बोलताना सगळ्यांची भाषा एक असणे ही सुरक्षिततेची गरज आहे. पण त्यावरून समजावून सांगणेही इंग्रजीतच हवे, असे कुठे सिद्ध होते? नंदुरबारच्या किंवा साक्रीच्या मुलाला इंग्रजी वाचता येते, उत्तर निवडता येते. ‘का’ विचारायला मात्र तो बिचकतो, कारण प्रश्न इंग्रजीत उभा करताना त्याची निम्मी शक्ती व्याकरणात जाते. ज्या वर्गात प्रश्न येत नाहीत तिथे सगळ्यांना समजले असे धरले जाते. या शहराला याचे उत्तर १३०हून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होते. सुरतेत जन्मलेले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला कलाभवन उभे केले, आणि तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देता येते या विश्वासावर ते उभे केले. आपले दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. रंगाचे रसायन आणि यंत्राची विद्या तेव्हा देशी भाषेतून सांगता येत होती, तर पंखाचा कोन आज मराठीतून आणि गुजरातीतून सांगता येणार नाही, असे मानायला मला एकही कारण दिसत नाही. स्टॉल, रडर, स्टिक हे शब्द आहेत तसेच ठेवावेत. त्यांच्याभोवतीचे वाक्य आपले असावे.

करायचे काय, हेही सांगतो. धुळे, शिरपूर, बारामती, बिरसी इथल्या शाळांनी आणि गुजरातेतल्या शाळांनी शिष्याला पहिल्यांदा एकट्याने विमान नेऊ देण्यापूर्वी एक तोंडी परीक्षा घ्यावी. तिला गुण नसावेत. पंख का उचलतो, केव्हा उचलणे टाकतो, वळणात लवकर का टाकतो आणि तेव्हा हात कुठे न्यायचा, एवढे त्याने आपल्या भाषेत, एकही सूत्र न वापरता सांगावे. सांगता आले तर जाऊ द्यावे; नाही आले तर आणखी एक दिवस जमिनीवर बसावे. याला सरकारी परिपत्रक लागत नाही, पैसे लागत नाहीत. निवृत्त वैमानिक आणि हवाई दलातून बाहेर पडलेले मराठी अधिकारी यांनी मिळून साठ-सत्तर पानांची मराठी पुस्तिका लिहावी. विज्ञान मराठीतून पोहोचवणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेने ती तपासून छापावी, आणि गुजराती आवृत्ती सुरतेतल्या लोकांनी करावी. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरातले मूल यापैकी एखाद्या शाळेत शिकत आहे, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या सुट्टीत ते घरी आले की किती तास झाले, किती पेपर सुटले, हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: नाक वर असताना विमान खाली कसे काय जाऊ शकते, ते मला समजावून सांग. तुम्हाला समजेपर्यंत त्याला सोडू नका. समजले नाही तर त्याला म्हणा, प्रशिक्षकाकडे जा आणि न बिचकता पुन्हा विचार, एकट्याने विमान नेण्याच्या आधी.